गादी त्याची सरकली, डोकी यांची

पुण्याजवळच्या आमच्या मोशीत कुणालाही 'कसं काय?' विचारा. दुसऱ्या मिनिटाला तो कमरेवर हात ठेवून सांगतो, 'मणक्यात गॅप आलाय.' हा 'गॅप' शरीरशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात सापडायचा नाही. तो भोसरी ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात, दुचाकीच्या सीटवर आणि खड्ड्याच्या तळाशी जन्माला आला. पुढे 'एलफोर-एलफाइव्ह' असे मणक्यांचे नंबरही सांगतात, पण कसे? गोत्र सांगावं तसं! मग कंपनीत लाईट ड्यूटी मिळते, घरात नवी गादी येते, कमरेला पट्टा चढतो, आणि त्या पट्ट्याला जानव्याइतका मान मिळतो. खाली पडलेलं पेनसुद्धा त्या माणसाला कुणी उचलायला लावत नाही.

पट्ट्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या कुत्र्याच्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा हेच पट्टाधारी एका सुरात म्हणाले, 'काय हे लाड!' तक्रार आहे ती याबद्दल.

कुत्र्याचं नाव दोडका. जात डॅक्सहुंड, वय पाच, वजन नऊ किलो. लांबी बघून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. 'लाडका की दोडका?' हा विनोद आमच्या इमारतीत रोज एक जण तरी आत्ताच सुचल्यासारखा करतो. जुलैतल्या एका रविवारी दोडका सोफ्यावरून उतरला, एकदाच किंचाळला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे मागचे पाय ओल्या फडक्यासारखे फरशीवरून ओढले जाऊ लागले.

मणक्या-मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट कडं, आत जेली. या जातीत आतली जेली ऐन तारुण्यातच सुकून खडूसारखी होते आणि एखाद्या दिवशी कडं फाडून वर मज्जारज्जूवर आदळते. हे हान्सेन नावाच्या स्वीडिश पशुवैद्यानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नीट मांडून ठेवलं. २०१७ साली त्यामागची जनुकाची जादा प्रतही सापडली. गंमत अशी, की पाय आखूड करणारी आणि गादी सुकवणारी ही प्रत एकच! म्हणजे ज्या ठेंगूपणावर आपण 'किती गोड' म्हणून भाळतो, त्याच मालाबरोबर पाठदुखी पेटीत फुकट येते.

हे कुत्रं जर्मनांनी बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात घुसायला घडवलं. त्यांच्या भाषेत 'डॅक्स' म्हणजे बॅजर, 'हुंड' म्हणजे कुत्रा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकरसुद्धा याच जातीचा, वाल्डी. छान. आता मोशीच्या सातव्या मजल्यावर बॅजर किती? शून्य. सोफे किती? दोन, शिवाय एक दिवाण. आम्ही जर्मन माल ओळखतो असा आम्हाला गर्व. २००९ पासून चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना आहे, आमचे निम्मे भाचे-पुतणे तिथे नाहीतर त्याच्या व्हेंडरकडे. मोटार घेताना आधी ग्राउंड क्लिअरन्स विचारायचा हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुत्रं घेताना मी काय बघितलं? कान. इथवरचा गाढवपणा माझा. पुढचा इतरांचा.

आमच्या सोसायटीचे चेअरमन एका कंपनीतून क्वालिटीचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. कंपनी सुटली, क्वालिटी सुटली, प्रमुखपण तेवढं राहिलं. त्यांनी पार्किंगमध्येच 'व्हाय-व्हाय' सुरू केलं. कारखान्यात बिघाडाचं मूळ शोधताना पाच वेळा 'का' विचारतात, ते.

'पाय का गेले?'

'गादी सरकली.'

'का सरकली?'

'सोफ्यावरून उतरला.'

'सोफ्यावर का चढला?'

'आम्ही बसलो होतो म्हणून.'

'कुत्रं घरात का?'

इथे मी गप्प बसले, तर पाचवा 'का' त्यांनी स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलं, 'मॅडम, रूट कॉज तुम्ही आहात.' क्वालिटीची इतकी वर्षं अशी सार्थकी लागलेली मी प्रथमच पाहिली.

दुसरा पंथ 'इंजेक्शन'वाल्यांचा. 'मुक्या जनावराचे हाल बघवत नाहीत हो, देऊन टाका एक इंजेक्शन.' हाल बघवत नाहीत हे खरंच. लिफ्टची वाट बघताना तोंड दुसरीकडे फिरवावं लागतं, मान अवघडते. काही कुत्र्यांचा मज्जारज्जू आतून विरघळत वरवर जातो, श्वासही बंद पडतो. तिथे ते इंजेक्शन ही शेवटची दया असते, मला मान्य आहे. पण ते ठरवायला एक चाचणी असते. मागच्या पंजाच्या बोटाचं हाड चिमट्यानं करकचून दाबतात. पाय नुसता मागे ओढला तर उपयोग नाही, तेवढं मज्जारज्जू मेंदूला न विचारताही करतो. दुखलं हे मेंदूपर्यंत पोचायला हवं: मान वळली पाहिजे, ओरडलं पाहिजे, चावायला आलं पाहिजे. ही 'डीप पेन'ची जाणीव शिल्लक असताना ऑपरेशन झालं, तर दहातली नऊ कुत्री पुन्हा चालतात. जाणीव गेली असली, तरी निम्म्याच्या आसपास.

आम्ही त्याला प्लायवुडच्या फळीवर दोन ओढण्यांनी बांधून पुण्याला नेलं. नाशिक फाट्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा मला नावानिशी आठवतो. डॉक्टरांनी बोट दाबलं. दोडक्यानं वळून त्यांच्या मनगटाचा वेध घेतला. कुत्रं डॉक्टरला चावायला गेलं म्हणून आनंदानं रडणारी मी पहिलीच बाई नसणार.

मग एमआरआय, भूल, मणक्याच्या कडेला खिडकी पाडून आतला खडू कोरून काढणं. त्याला 'हेमीलॅमिनेक्टमी' म्हणतात. चेअरमनना हा शब्द मी दोनदा ऐकवला, तेवढाच सूड. खर्चाचा आकडा सांगत नाही. सांगितला की तुम्हीही चेअरमन व्हाल.

ऑपरेशन दोन-अडीच तासांत आटोपलं. लोकांना वाटतं, झालं. पिक्चरमध्ये दिवा विझतो, डॉक्टर मास्क काढतो, गाणं लागतं. मी कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगला आहे, म्हणून मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मशीन बसवायला चार दिवस लागतात आणि ते चालू ठेवायला चार माणसांची उमर जाते. पण मशीन बसवल्याचा फोटो निघतो, नारळ फुटतो. ग्रीस मारणाऱ्याचा फोटो कुणी काढल्याचं तुम्हाला आठवतं?

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला. तो वाचून नवरा म्हणाला, 'हे तर शिफ्टचं शेड्यूल आहे.'

होतंच. मज्जारज्जू दुखावला की लघवीवरचा ताबा जातो. मूत्राशय हातानं रिकामं करायचं. पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायचे, आत पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लागतं, त्यावर सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. दणका नाही, चिमटा नाही. सुरुवातीला दर सहा तासांनी. म्हणजे तीन नव्हे, चार शिफ्ट. कामगार आयुक्तांना कळवू नका. सकाळी सहा मी, दुपारी बारा सासूबाई, संध्याकाळी सहा मी, आणि भोसरीतली सेकंड शिफ्ट करून आलेला नवरा रात्री साडेबाराला, बूट न काढता.

संध्याकाळची शिफ्ट माझी, म्हणजे खरं तर चाकणच्या तळेगाव चौकाची. चाकण ते मोशी जेमतेम पंधरा किलोमीटर. कंटेनरच्या मागे उभी राहून मी घड्याळाकडे बघायचे आणि एका नऊ किलोच्या प्राण्याचं मूत्राशय माझ्या डोक्यात भरत जायचं. या चौकावर आजवर कितीतरी निवेदनं दिली गेली. पण कुत्र्याची लघवी तुंबते, हे कारण एकाही निवेदनात नाही. उद्योजकांच्या संघटनांनी विचार करावा.

यावर शेजारच्या काकांचा शोध असा: 'अहो, कशाला दाबताय? करतोय की आपोआप. पायाखाली ओलंच असतं!' काका पंप विकतात. मी विचारलं, गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोमधून पाणी पडतंय म्हणजे टाकी रिकामी होतेय असं सांगणारा प्लंबर तुम्ही ठेवाल का? भरून ओसंडतंय, म्हणून ओलं. आत साचलेलं तसंच राहतं, कुजतं, जंतू वाढतात, कुत्रं तापानं फणफणतं. काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच वाक्य पुन्हा म्हटलं.

सासूबाईंचं मात्र ऐका. कुत्र्याला शिवल्यावर आंघोळ करणाऱ्या पिढीतल्या. दोडक्यावर त्यांचं प्रेम नव्हतं, अजून नाही. त्याला त्या 'मेल्या'शिवाय हाक मारत नाहीत. पण त्या पिंपरीच्या एचएमधून निवृत्त झालेल्या आहेत. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ सालचा, देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. पेनिसिलीन ज्यानं आमच्या पट्ट्यात आणलं तो. पॅकिंगला इतकी वर्षं काढलेल्या बाईला बारा म्हणजे बारा. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात बाजूला केले. 'कणीक तिंबतेस का? नातवंडांच्या पोटातला वारा काढलाय मी.' तळवे ठेवले, आणि म्हणाल्या, 'सोड रे मेल्या.' त्यानं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग झालाच, गोळ्या आल्या, चार दिवसांत ताप गेला, मी म्हटलं आता थांबवू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी बॅचमध्ये भेसळ केली. 'कोर्स अर्धा सोडायचा नसतो.' चेअरमनच्या भाषेत याला क्वालिटी म्हणतात. ते कधी एचएत नव्हते.

आता औषधी पंथ. निर्गुडीचं तेल चार घरांतून आलं. कुठे चोळायचं? टाक्यांवर! एक हाडवैद्य सुचवला गेला, जो 'एका झटक्यात' पाय मोकळे करतो. करतही असेल, कायमचे. आणि एका भल्या माणसानं खिशातली स्वतःची कंबरेची गोळी काढून दिली, 'अर्धी द्या.' माणसाची आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जठराला भोकं पाडते, मूत्रपिंडं बंद पाडते. त्यात स्टेरॉइड चालू असेल तर विचारूच नका. माणसाच्या गोळ्या जनावराला द्यायची सवय आपल्याला केवढ्याला पडली हे कुणाला आठवत नाही. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकनं या देशातली गिधाडं संपवली, २००६ साली त्याच्या पशुवापरावर बंदी आणावी लागली. पण गिधाडं सोसायटीच्या ग्रुपवर नाहीत, त्यामुळे त्यांचा अनुभव शेअर होत नाही.

पिंजऱ्यावर तर लोकसभा भरली. सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, फक्त लघवी-शी आणि व्यायामापुरतं बाहेर. 'तुरुंगात टाकलं हो बिचाऱ्याला!' असं म्हणणारे तेच, ज्यांनी परवा इंजेक्शन सुचवलं होतं. मरण चालेल, पिंजरा नको. आणि तेच पुढच्या दमात, 'बसून बसून पाय जातील, चालवा त्याला.' स्वतःची 'एलफोर-एलफाइव्ह' गेली तेव्हा यांतलाच एक माणूस दीड महिना सतरंजीवर आडवा होता, चहासुद्धा बशीतून पाजावा लागत होता. कोरून काढलेल्या जागेभोवती स्नायू आणि ऊतक धरायला वेळ लागतो, हे ज्ञान त्याच्या पाठीला आहे. डोक्यापर्यंत पोचलेलं नाही. डीप पेन निगेटिव्ह.

मी त्या पिंजऱ्याला 'संग्रामदुर्ग' म्हणत असे. तोही भुईकोट, चाकणचाच. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाएस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने लढवला. मग सुरुंगानं बुरूज उडाला. आमच्या दुर्गाला सुरुंगाची भीती नव्हती, बिस्किटं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांची होती. उताणं पडलेलं कुत्रं बघून गहिवरलेला माणूस पार्ले-जी घेऊन येतो, आणि प्रत्येक बिस्किटाचं वजन शेवटी त्याच मणक्यावर बसतं.

शहाणं वाक्य मला सगळ्या प्रकरणात बाहेरचं एकच ऐकायला मिळालं, आणि ते ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती त्याच्याकडून. आमच्या लाइनवरचा एक ऑपरेटर, खेड तालुक्यातला, घाटात बैलगाडा पळवणारा. शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा त्यानं तीन दिवस डबा खाल्ला नव्हता, आणि २०२३ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यत कायम केली तेव्हा अख्ख्या शिफ्टला पेढे. माझं त्याच्याशी या विषयावर कधीच पटलेलं नाही, पटणारही नाही. मला वाटलं, हा हसणार. तो म्हणाला, 'मॅडम, जनावर बसलं की कूस बदलत राहायची. एका अंगावर पडून राहिलं की मांस सडतं. आमच्या खोंडाला मी अन् बापानं रात्रभर पालटला होता.' बस्स. ना तेल, ना तत्त्वज्ञान. नवऱ्यानं त्या रात्रीपासून साडेबाराच्या शिफ्टला कूस बदलणं जोडलं. दोडक्याला एकही जखम झाली नाही.

आता लिफ्ट. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण इथे माझा तोल जातो. जिना चढणं-उतरणं त्याला साफ मना. म्हणजे सात मजले एक तर लिफ्ट, नाहीतर आमच्या कमरा. लिफ्टच्या दाराशी चेअरमनच्या सहीची नोटीस: 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये सक्त मनाई.' आता तारीख लक्षात घ्या. ९ ऑक्टोबर २०२४ ला रतन टाटा गेले, तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता पूर लोटला होता. स्वाभाविकच, पिंपरीतल्या निम्म्या घरांची चूल टाटांच्या टेल्कोनं पेटवलेली. टाटांना कुत्री किती प्रिय, आपल्या आजारी कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते थेट मिनेसोटा विद्यापीठात कसे घेऊन गेले, उशीर झाल्यामुळे सांधा एका जागी गोठवण्यापलीकडे काही करता आलं नाही, आणि मग महालक्ष्मीला त्यांनी प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय कसं उभं करवलं, जे २०२४ मध्येच सुरू झालं. हे सगळं चेअरमननी हात जोडलेल्या सात चिन्हांसह फॉरवर्ड केलं होतं. 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' होईलच कसा? झालाच तर त्याला जिन्यानं जावं लागेल. दत्ताची चार कुत्री आणि धर्मराजाबरोबर गेलेलं एक, हे दाखले मी देत नाही. ते दरवर्षी दत्तजयंतीला चेअरमनच माइकवरून देतात.

मी त्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक नेऊन दिलं. सोसायट्यांनी पाळीव प्राण्यांना बंदी घालू नये, लिफ्ट नाकारू नये, असं त्यात सरळ लिहिलंय. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं आणि म्हणाले, 'यावर रिव्हिजन नंबर कुठाय?'

दोडक्याला मी नंतर लिफ्टनंच नेत राहिले, टॉवेलमध्ये गुंडाळून, भाजीच्या पिशवीत. कायदा माझ्या बाजूनं असताना दोडका दोडक्यांखाली लपवून नेणारी बाई. हसा.

व्यायामाचं थोडक्यात सांगते, कारण ते जगातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे आणि त्यानंच पाय परत येतात. आडवं ठेवून मागचे पाय सायकलसारखे फिरवायचे, एकेक पंधरा वेळा. बोटांच्या मध्ये गुदगुल्या करायच्या, म्हणजे पाय ओढून घेतो. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाखालून घ्यायचा, वजन आपण पेलायचं आणि त्याला चार पायांवर उभं धरायचं. पंजा उलटा पडला की सरळ करून ठेवायचा. पुन्हा उलटा पडतो. पुन्हा सरळ. दिवसातून चाळीस वेळा. गळ्यातला पट्टा कायमचा बंद, छातीचा हार्नेस. आणि फरशी! आमच्या भागात फ्लॅटची किंमत फरशीच्या चकाकीवर ठरते. बिल्डरनं 'मिरर फिनिश' म्हणून जे विकलं, ते लुळ्या पायांसाठी तेल ओतलेलं ताट आहे. उठायला गेला की चारही पाय चार दिशांना. सोसायटीतला महिलांचा योगवर्ग तिसऱ्या महिन्यात बंद पडला होता, त्याच्या मॅट मी मागून आणल्या आणि हॉलभर चिकटपट्टीनं जोडल्या. त्या मॅटवर प्रथमच कुणीतरी नियमित व्यायाम केला.

एकोणिसाव्या दिवशी तो कुणी न धरता चार सेकंद उभा राहिला आणि पडला. पाचव्या आठवड्यात स्वयंपाकघरापर्यंत आला, मागचा भाग झोकांड्या खात. आता चालतो. चाल सरळ नाही, वळताना मागचं टोक थोडं उशिरा पोचतं, कंटेनरसारखं. लघवी स्वतः करतो. सोफ्याचे पाय आम्ही कापून टाकले. चेअरमनना तो परवा पार्किंगमध्ये दिसला. ते दोन मिनिटं बघत राहिले, हात कमरेच्या पट्ट्यावर, आणि म्हणाले, 'बघा, मी म्हणत होतो ना, चालवा म्हणून!'

नोटीस लिफ्टच्या दाराशी अजून आहे.

तर वाचकहो, तुमच्या शेजारी असं एखादं कुत्रं पडून असेल, तर सल्ला नको. एक शिफ्ट घ्या. दुपारची बाराची सगळ्यांनाच अडचणीची असते. तेही जमत नसेल, तर घरात गुंडाळून ठेवलेली योगा मॅट द्या. आमच्या बेडरूमकडच्या पॅसेजला अजून दीड मॅट कमी पडते.